पऱ्हाटीचे करायचे काय? पेटवण्याआधी थोडा विचार

दुधनाकाठ
नमस्कार. आमचे गाव परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यात आहे. शिवारात मुख्यतः कापूस, तूर आणि सोयाबीन, आणि विहिरीला पाणी असेल तिथे थोडा ऊस असतो. कापसाची शेवटची वेचणी झाली की चिमट्याने पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उरलेली झाडे, उपटायची, बांधावर ओढायची आणि सांज झाली की पेटवून द्यायची, ही आमच्याकडची रीतच होऊन बसली आहे. जानेवारीत रात्री गच्चीवर उभे राहिले तर चहूकडे जाळाच्या रांगा दिसतात आणि सकाळी अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी येऊन बसलेली असते.

आमचा अकरा शेतकऱ्यांचा गट आहे. मागच्या महिन्यात यंत्रे विकणारे एक गृहस्थ आले आणि पऱ्हाटीपासून आणि तुराटीपासून, म्हणजे तुरीच्या काड्यांपासून, ब्रिकेट, म्हणजे भुगा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, ज्याला बाजारात पांढरा कोळसा म्हणतात, त्याचा कारखाना टाकण्याचा प्रस्ताव देऊन गेले. त्यांचे एक वाक्य गटातल्या सगळ्यांच्या डोक्यात बसले आहे: "कच्चा माल तुमच्याकडे फुकट आहे." मला मात्र तेच वाक्य खटकते आहे. एकरी साधारण टनभर वाळलेली पऱ्हाटी निघते असे धरले, तर गटाच्या १४० एकरांतून किती काळ यंत्र चालेल, आणि ब्रिकेटशिवाय या काडीकचऱ्याचे दुसरे काही शहाणपणाचे करता येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. कर्ज काढायचे की नाही हे त्यावर ठरणार आहे.

भट्टीकर
दुधनाकाठ, आपल्याला खटकले ते योग्यच खटकले. मी जालना जिल्ह्यात चार वर्षे ब्रिकेटचा कारखाना चालवला आणि पाचव्या वर्षी बंद केला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी यंत्र काय करते ते सांगतो. भुगा केलेली काडी एका जड दट्ट्याने निमुळत्या साच्यातून ठोकून पुढे ढकलली जाते. दाबामुळे आणि घर्षणाच्या उष्णतेमुळे काडीतले लिग्निन, म्हणजे तिला कडक ठेवणारा पदार्थ, मऊ होते आणि तेच डिंकाचे काम करते, त्यामुळे वेगळा चिकटा घालावा लागत नाही. ९० मिलिमीटर जाडीची गरम, वाफाळलेली कांडी लांबलचक पन्हाळीतून सरकत बाहेर येते आणि थंड होता होता कडक होते. ताज्या कांडीला भाजलेल्या शेंगांच्या टरफलांसारखा वास येतो. तो वास आला की घाणी नीट चालली आहे असे आमचा मिस्त्री डोळे मिटून सांगायचा.

आता अडचणी. पहिली म्हणजे ओल. भुग्यात ८ ते १२ टक्के ओलावा लागतो. त्याहून जास्त झाला की साच्यात वाफ कोंडते आणि फटाका फुटावा तसा आवाज होऊन कांडीच्या चकत्या होतात. ताज्या उपटलेल्या पऱ्हाटीत निम्म्याच्या आसपास पाणी असते. ती शेतात तीन-चार आठवडे वाळली पाहिजे, पण शेतकऱ्याला रान लगेच मोकळे हवे असते. मग ओला माल येतो, त्यासाठी वाळवणी यंत्र लागते, आणि त्या यंत्रात आपलाच माल जाळावा लागतो.

दुसरी अडचण माती. चिमट्याने उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळाशी काळ्या मातीचे ढेकूळ येते. ही माती साचा आणि दट्ट्याचे तोंड कानशीसारखे घासते. पुरवठादाराने सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्या काळातच आमचे साचे झिजायचे. विचारले की "तुमच्या मालात माती आहे" एवढेच उत्तर मिळायचे. उत्तर खरे होते, पण विकताना कोणी ते सांगितले नव्हते. शिवाय मातीने राख वाढते आणि घेणारा भावात कापतो.

तिसरी, आणि मला बुडवणारी अडचण म्हणजे साठवण. ताशी एक टनाचे यंत्र दिवसाला १६ तास आणि वर्षाला २५० दिवस चालवले तर ४,००० टन माल लागतो. म्हणजे आपल्या हिशेबाने ४,००० एकर, आणि आपल्याकडे आहेत १४०; यंत्राचे नऊ दिवससुद्धा भरत नाहीत. पऱ्हाटी येते डिसेंबर ते फेब्रुवारी आणि ब्रिकेट घेणाऱ्या बॉयलरवाल्याला माल हवा बारा महिने. मोकळी रचलेली पऱ्हाटी घनमीटरला जेमतेम १०० किलो भरते. ४,००० टनांसाठी ४० हजार घनमीटर जागा झाली, म्हणजे चार मीटर उंच गंजी लावली तरी अडीच एकर नुसत्या गंजीखाली जातात. आगीच्या भीतीने मध्ये रस्ते सोडले तर पाच एकर धरा. वर पावसाळा आणि विमा वेगळाच.

"फुकट" या शब्दाबद्दल शेवटचे. पहिल्या वर्षी शेतकरी फोन करून म्हणायचे, "भाऊ, तेवढं रान मोकळं करून द्या." दुसऱ्या वर्षी ट्रॉलीमागे पैसे मागू लागले, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. उपटणी, गोळा करणे, भरणे आणि वाहतूक यांचा खर्च तर पहिल्या दिवसापासूनच होता. ट्रॉली शिगोशीग भरली तरी टन-सव्वा टन माल बसायचा. आम्ही डिझेल जाळून मुख्यतः हवाच वाहून आणत होतो.

दुधनाकाठ
भट्टीकर साहेब, मनापासून आभार. नऊ दिवसांचा हिशेब मी आज रात्री गटाला वाचून दाखवणार आहे. शंका एकच. गावातच कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, करून मग वाहिली तर हवा कमी वाहावी लागेल ना?

भट्टीकर
होय, बराच फरक पडतो. चांगली बारीक कुट्टी केली तर त्याच ट्रॉलीत दीडपट ते दुप्पट माल बसतो. माझ्याकडे कुट्टी यंत्र कारखान्यात होते, ते शेतात असायला हवे होते. हे कळायला मला तीन वर्षे लागली.

सेल्युलोज
मी नांदेडला महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. प्रश्न "काडीकचऱ्याचे काय करता येते" असा विचारला की उत्तरात सगळेच येते आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी पाहाव्यात: त्या मालात पाणी किती आहे आणि लिग्निन किती आहे.

कोणत्याही वनस्पतीचा सांगाडा मुख्यतः तीन पदार्थांचा असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या, ज्या धाग्यासारख्या ताण सोसतात. हेमिसेल्युलोज म्हणजे झायलोजसारख्या दुसऱ्या शर्करांच्या आखूड, फांद्या फुटलेल्या साखळ्या. आणि लिग्निन हा त्या दोहोंना बांधून ठेवणारा कठीण लेप. घराच्या भाषेत सांगायचे तर गज, बांधणीची तार आणि सिमेंट. पऱ्हाटी नावाला पिकाचा अवशेष असली तरी गुणाने लाकूड आहे. तिच्या कोरड्या वजनाचा सुमारे पाव हिस्सा लिग्निन असते. भाताच्या पेंढ्यात किंवा गव्हाच्या काडात ते बरेच कमी असते.

यावरून पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतात. बायोगॅसचे जंतू हवेशिवाय काम करतात आणि हवेशिवाय लिग्निन जवळजवळ तुटत नाही. म्हणून पऱ्हाटीचा भुगा गोबरगॅसच्या टाकीत टाकला तर गॅस वाढत नाही, उलट वर तरंगून जाड साय धरते आणि ती काढताना जीव जातो. हा प्रयोग माझ्या एका उत्साही विद्यार्थ्याने स्वतःच्या घरी केला होता आणि त्याच्या आजीने त्याला जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

इथेनॉलचेही तसेच. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. त्याची क्षमता दिवसाला १०० किलोलिटर असून वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा वापरून ३ कोटी लिटर इथेनॉल करण्याचा त्याचा आराखडा आहे. म्हणजे टनामागे सुमारे १५० लिटर. उसाच्या मळीत साखर तयारच असते, यीस्ट टाकायचे आणि आंबवायचे. पेंढ्यात मात्र आधी वाफ आणि आम्ल वापरून लेप सैल करावा लागतो, मग विकरांनी (एन्झाइमनी) सेल्युलोजचे ग्लुकोज करावे लागते, आणि हेमिसेल्युलोजमधून निघालेले झायलोज साध्या यीस्टला पचतच नाही, त्यासाठी वेगळे यीस्ट लागते. जिथे लेप जाड, तिथे खर्च जास्त. अकरा जणांच्या गटाने या वाटेला जाऊ नये.

लाकडाचे काम मात्र पऱ्हाटी उत्तम करते. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून असलेल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याची पद्धत विकसित केली आहे. काडीचे तुकडे रेझिनमध्ये, म्हणजे चिकटवणाऱ्या रसायनात, घोळवून गरम दाबाखाली त्यांची फळी करतात. देशात दरवर्षी अंदाजे अडीच ते तीन कोटी टन पऱ्हाटी निघते, असे मानले जाते. पण पुन्हा तेच, बोर्डाचा कारखाना म्हणजे मोठे भांडवल. आपला गट त्यात माल पुरवणारा होऊ शकतो, मालक होणे अवघड.

चुलीपाशी
मी बीड जिल्ह्यातली. सगळे वाचले आणि एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. आमच्या गावात पऱ्हाटी कधीच नुसती पडून नसते. ज्यांच्याकडे शेत नाही अशा बायका वेचणी संपली की मालकाला विचारतात, रान उपटून देतात आणि मजुरीऐवजी पऱ्हाटीचे भारे घरी नेतात. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक दारात एक गंजी लागलेली असते. उज्ज्वलाची टाकी बहुतेकींच्या घरात आहे, पण ती चहाला आणि पाहुण्यांना. भाकरी, अंघोळीचे पाणी आणि जनावरांचा आंबोण अजून चुलीवरच होतो, कारण भरलेल्या टाकीला रोख पैसे लागतात आणि पऱ्हाटीला दोन हात.

पाच वर्षांपूर्वी शेजारच्या गावात एकाने ब्रिकेटसाठी पऱ्हाटी विकत घ्यायला सुरुवात केली. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले, चांगलेच झाले. पण त्या वर्षी माझ्या जावेने तुराट्या दोन कोसांवरून डोक्यावर आणल्या. म्हणून दुधनाकाठ दादांना विनंती आहे की हिशेब मांडताना "जाळून वाया जाते" या रकान्यात आमच्या चुलीचे जळण धरू नये. जे बांधावर पेटवले जाते ते वेगळे आणि जे भाकरीखाली जळते ते वेगळे.

दुधनाकाठ
ताई, आमच्या गावातही हेच चालते आणि तरी माझ्या लक्षात आले नाही, याची लाज वाटते. १४० एकरांपैकी निदान ४० एकरांची पऱ्हाटी अशी घराघरांत जाते.

काळी कसदार
मी कृषी पदवीधर असून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून शिकलो आहे. दोन मुद्दे मांडतो.

पहिला गुलाबी बोंडअळीचा. २०१७ साली या अळीने आपल्या भागातल्या कापसाचे काय केले ते सगळ्यांना आठवत असेल. हंगामाच्या शेवटी ही अळी किडक्या, न फुटलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत जाते. पऱ्हाटीची गंजी बोंडांसकट बांधावर उभी राहिली, तर पुढच्या जून-जुलैत तिच्यातूनच पतंग निघून नव्या कापसावर जातात. म्हणून फरदड, म्हणजे तेच पीक पुढे राखून घेतलेला जादा कापूस, न घेता डिसेंबर-जानेवारीत पीक संपवावे आणि पऱ्हाटी शेताजवळ साठवू नये, अशी शिफारस आहे. भट्टीकर साहेबांनी शेतातच कुट्टी करण्याचे सांगितले, त्याचा हा दुसरा फायदा, कारण बारीक कुट्टीत बोंड आणि अळी दोन्ही चिरडली जातात. चुलीसाठी नेणाऱ्या ताईंनीही भारे बांधण्यापूर्वी बोंडे झोडून जाळून टाकली तर शेजारपाजारचे शेत वाचेल.

दुसरा मुद्दा बायोचारचा, म्हणजे जमिनीत घालण्यासाठी केलेल्या कोळशाचा. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने, क्रीडाने, पत्र्याच्या पिंपाची साधी भट्टी तयार केली आहे आणि ती पऱ्हाटी व तुराटी दोन्हींना चालते. २०० लिटरच्या पिंपाला तळाशी भोके पाडलेली असतात. काडी भरून पेटवली की आधी दाट पांढरा धूर येतो, ती मुख्यतः पाण्याची वाफ असते. मग धूर पिवळट, डोळ्यांना झोंबणारा होतो, आणि शेवटी विरळ, निळसर होतो. तो निळसर झाला की झाकण लावून सगळ्या फटी चिखलाने लिंपायच्या. इथे घाई केली तर आत कच्ची काडी राहते आणि उशीर केला तर राख. साधारण चौथाई ते तिसरा हिस्सा कोळसा मिळतो. असा कोळसा जमिनीत शेकडो वर्षे टिकतो, तर शेणखतातला बराचसा कर्ब आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत उडून जातो.

पण इथे माझे मत जरा वेगळे आहे. बायोचारचे जे कौतुक होते ते बरेचसे ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीवरून आलेले आहे, आणि तिथली मूळ जमीन आम्लधर्मी. आपली काळी जमीन आधीच चुनखडीयुक्त, सामू (पीएच) आठच्या पुढे, आणि कोळसा व त्यातली राख दोन्ही अल्कधर्मी. म्हणजे तिथे जे औषध ठरले ते इथे लोह आणि जस्ताची कमतरता वाढवू शकते. म्हणून एकरभर पसरू नये. शेणस्लरीत किंवा कंपोस्टमध्ये महिनाभर मुरवून दोन-चार गुंठ्यांवर करून पाहावे, शेजारी तेवढाच पट्टा तसाच ठेवावा आणि माती तपासून घ्यावी.

आणखी एक सावधगिरी. कुट्टी थेट रानात गाडली तर तिला कुजवणारे जीवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि पुढचे पीक काही आठवडे पिवळे पडते. म्हणून ढीग करून, शेण व थोडा युरिया घालून, ओलावा राखून कुजवणे बरे. लाकडासारखा माल असल्याने त्याला सोयाबीनच्या भुसकटापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

पाचटवाला
उसाकडून थोडे. मी माजलगाव भागातला. साखर कारखान्यात टनभर ऊस गाळला की २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे चोथा, निघतो, त्यात निम्मे पाणी असते आणि तो तिथेच बॉयलरमध्ये जातो. त्याचा प्रश्न केव्हाच सुटला आहे. ३० ते ४० किलो प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेली मळ, निघतो, आणि सेल्युलोज सरांच्या कसोटीप्रमाणे तो बायोगॅससाठी अगदी योग्य, कारण ओला आणि मऊ. केंद्राच्या २०१८ च्या 'सतत' नावाच्या बायोगॅस योजनेनंतर बऱ्याच कारखान्यांनी त्यापासून दाबलेला बायोगॅस करण्याचा मार्ग धरला. टाकीतल्या गॅसमध्ये मिथेन ५५ ते ६० टक्के असतो, तो शुद्ध करून ९० टक्क्यांच्या पुढे नेला की सीएनजीच्या गाडीत चालतो. उरलेली स्लरी खत म्हणून शेतात परत येते.

राहिले पाचट, म्हणजे उसाची वाळकी पाने. पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने पाचटाचा कोळसा करण्याची भट्टी काढली आणि त्या कामाला २००२ साली ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. काम अस्सल आहे. पण ज्या भागात २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात खोडव्यातले, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसातले, पाचट सरीत अंथरून ठेवण्याइतका मोठा दुसरा उपयोग मला दिसत नाही. पाण्याच्या पाळ्या लांबतात, तण दबते आणि माती भुसभुशीत राहते. शेतातून बाहेर गेले म्हणजेच त्याचे मोल झाले, असे आपण का धरतो?

अर्धापूरच्या केळीवाल्यांनाही कोणीतरी ब्रिकेटचे यंत्र दाखवून गेले म्हणे. केळीच्या खुंटात शंभरातले नव्वद भाग पाणी! क्विंटलभर खुंटातून किलो-दीड किलो धागा निघतो तेवढा काढावा, बाकीचे कुजवावे.

भट्टीकर
केळीचे वाचून हसू आले, पण माझ्याकडेही एकदा ट्रॉलीभर खुंट विकायला आले होते.

सेल्युलोज
बॉयलरबद्दल एक पुरवणी. पऱ्हाटीत पोटॅशियम आणि क्लोरीन असते, त्यामुळे तिची राख लाकडाच्या राखेपेक्षा कमी तापमानाला वितळते आणि नळ्यांवर, जाळीवर थर धरते. औष्णिक वीज केंद्रांत बायोमासच्या (काडीकचऱ्याच्या) गोळ्या कोळशात मिसळण्याचे जे धोरण आहे, त्यातही प्रमाण थोडेच ठेवलेले आहे. ब्रिकेट घेणाऱ्याला हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर पहिल्या गाडीनंतर दुसरी गाडी परत येते.

दुधनाकाठ
महिन्याभराने लिहितो आहे. मधल्या काळात आम्ही नुसत्या चर्चेऐवजी वजन करून पाहिले. माझ्या रानातला एक गुंठा दोरी धरून आखला आणि तेवढीच पऱ्हाटी उपटून काट्यावर चढवली. ४१ किलो भरली. तीच तीन आठवडे उन्हात उभी करून ठेवली आणि परवा पुन्हा तोलली तर २४ किलो. एकराला ९६० किलो झाले, म्हणजे टनाचा अंदाज फार चुकला नव्हता. पण ताज्या मालाच्या भावात आम्ही सतरा किलो पाणी विकत घेतले असते.

गटाने कर्जाचा अर्ज मागे घेतला आहे. चुलीसाठी जाणाऱ्या ४० एकरांना हात लावायचा नाही, फक्त बोंडे झोडून न्यायची एवढी अट सगळ्यांना मान्य झाली. उरलेल्या शंभर एकरांसाठी ट्रॅक्टरवर चालणारे कुट्टी यंत्र भाड्याने आणतो आहोत. वीस एकरांची कुट्टी कंपोस्टच्या ढिगाला जाईल आणि बाकीची वाळवून तालुक्याच्या एका ब्रिकेटवाल्याला, त्याच्याच काट्यावर आणि ओलावा मोजून, द्यायची बोलणी झाली आहेत. पिंपाची एक भट्टी माझ्या चुलतभावाने बनवून घेतली. पहिल्या खेपेला त्याने पिवळ्या धुरातच झाकण लावले, त्यामुळे निम्मी काडी कच्ची निघाली आणि ती शेवटी चुलीतच गेली.

आता एकच अडचण उरली आहे. कुट्टी यंत्रवाला म्हणतो की मातीची मुळे घातली तर पाती जातील, बुंधा वरून कापून आणा. पण बुंधा रानात ठेवला तर तो फुटतो आणि बोंडअळीला घर मिळते. उपटायची तर माती येते. यावर कोणी काही केले आहे का?

भट्टीकर
उपटाच. ओली असताना माती झाडायच्या नादी लागू नका, ती चिकटते. मुळे वर करून बांधाला टेकवून वाळू द्या. आपली काळी माती वाळली की आक्रसते आणि तडकून सुटते. मग दोन पेंढ्या बुंध्याकडून एकमेकींवर चार वेळा आपटल्या की ढेकळे खाली पडतात. चुलीपाशी ताईंच्या गावातल्या बायका हेच करतात, मी त्यांच्याकडूनच शिकलो, फक्त कारखाना बंद झाल्यावर.

चुलीपाशी
चार नाही, दोनदा पुरे. आणि आपटताना वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे.